शिक्का न बसणारी चिठ्ठी

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना तिथल्या समुपदेशक बाईंनी माझ्या हातात एक वही ठेवली आणि म्हणाल्या, "लिहा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मी म्हटलं, "माझा कुणाला काय उपयोग व्हायचाय?" त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." बाई पुण्याच्याच. त्यांच्यापुढे माझं काही चाललं नाही.

मी चोपन्न वर्षांची आहे. शनिवार पेठेत आमचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, राहायला आम्ही बिबवेवाडीत. घरात मी आणि हे. मुलगी केतकी बाणेरला असते, नोकरी कॉम्प्युटरवरची. दोन वर्षं मी दुखण्यावरच्या गोळ्या खात होते, आधी दुखायचं म्हणून आणि नंतर नुसत्याच. गोळीचं नाव लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी विचारू नये.

पण खरं सांगायचं तर वही उघडली ती एका अर्जामुळे. आमच्या बिल्डिंगशेजारच्या औषधवाल्याविरुद्ध, तांबोळींविरुद्ध, केतकीने तक्रारअर्ज तयार केला होता. सही माझी हवी होती. तो अर्ज आठवडाभर फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होता आणि मी दूध काढताना त्याच्याकडे बघत होते. सही केली की चौकशी लागणार, आणि तांबोळींचा परवाना जाऊ शकणार. अर्जात लिहिलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती, आणि ती माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

चिठ्ठी

तीस वर्षं काउंटरला उभं राहून कंबर गेली. एक दिवस कागदाचं रीम उचलायला वाकले आणि वर येताच येईना. अर्धा तास मी त्या रीमपुढे नमस्काराच्या मुद्रेत होते. गिऱ्हाईक म्हणतंय, "काकू, दोन्ही बाजूंनी काढा हं."

मणका सरकला होता. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. आणि पुढे दोन शब्द: नंतर दुखल्यास. पाच दिवसांच्या गोळ्या त्यांच्याच दवाखान्याखालच्या दुकानातून घेतल्या. त्यानंतर दुखलं. दुखणारच, मणक्याला कुठे पाच दिवस माहीत होते!

पर्समध्ये राहून चिठ्ठीला चार घड्या पडल्या होत्या, एका घडीवर ती फाटायला आली होती. आमच्या घरात कागदाचे असे हाल कुणाला बघवत नाहीत. आमचं रेशनकार्ड लॅमिनेट केलेलं आहे, आरतीसंग्रह पानापानाने लॅमिनेट केलेला आहे, केतकीच्या दहावीच्या वेळापत्रकावरसुद्धा अजून एक सुरकुती नाही. ह्यांनी चिठ्ठी बघितली, म्हणाले, "अगं, काय अवस्था केलीस! दे इकडे, मशीन तापलंय." एका मिनिटात चिठ्ठी गरमगरम बाहेर आली, कडा गोल कापलेल्या. मला बरं वाटलं. माझी कुणी इतकी काळजी घेतली की मला बरं वाटतं.

बंद झालेला मिक्सर

लोक विचारतात, गोळी घेतल्यावर मजा यायची का. अजिबात नाही. शेजारच्या घरात मिक्सर चालू असतो, आपल्याला त्याचं भान नसतं, आणि तो बंद झाला की एकदम कळतं की अरे, इतका वेळ हा आवाज होता. तसं व्हायचं. कंबर थांबायची. आणि कंबरेबरोबर बाकीचंही थांबायचं: ह्यांची कुरकुर, केतकी लग्नाचं नाव काढू देत नाही ते, हात हलवत भांडणारी गिऱ्हाइकं. सगळं लांब जायचं. मला छान वाटत नव्हतं, मला काहीच वाटत नव्हतं, आणि ते मला हवंहवंसं वाटायला लागलं.

दिवसाला दोनच्या चार झाल्या, चाराच्या सहा. पुढचं सांगत नाही. पट्ट्या चष्म्याच्या केसमध्ये, डाळीच्या डब्यात, देव्हाऱ्याखालच्या फळीत. घरात लपवायला इतक्या जागा असतात हे मला आधी कधी कळलं नव्हतं.

मधल्या काळात माझा दादा गेला. सख्खा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मला सायकलवरून शाळेत सोडणारा. वैकुंठ स्मशानभूमीत फार वेळ उभं राहावं लागेल म्हणून मी निघताना गोळ्या घेतल्या. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी तिच्या खांद्यावरून समोरच्या पाटीकडे बघत होते. पाटीवरचा मजकूर मधोमध नव्हता, डावीकडे सरकला होता. मी मनातल्या मनात तो नीट करत होते. सगळे म्हणाले, वासंती किती खंबीर! मला रडू आलं नाही. रडू येत नाही ह्याचंसुद्धा काही वाटलं नाही. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटायला हवी, ती अजून पुरती वाटत नाही.

तांबोळी

तांबोळी आमच्या भागातले जुने. वडिलांचं दुकान, आता ते स्वतः चालवतात, एक ते चार बंद, पाटीवर तसं स्पष्ट लिहिलेलं. बोलणं मोजकं. पडशावर औषध मागितलं तर म्हणायचे, "वाफ घ्या, तीही मिळते घरी."

त्यांची एक पद्धत होती. असल्या गोळ्या दिल्या की चिठ्ठीच्या मागे शिक्का मारून तारीख टाकायची, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा चालत नाही. पहिल्यांदा मी लॅमिनेट केलेली चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी शिक्का मारला आणि शाई प्लास्टिकवर निळी निळी पसरली. त्यांनी बोटाकडे बघितलं.

"वहिनी, ह्याच्यावर शिक्का बसत नाही. नवीन चिठ्ठी आणा."

"आणते हो. डॉक्टरांची वेळच मिळत नाही."

ते खोटं नव्हतं. मी एकदा गेले होते. बाकावर इतकी माणसं होती की दुखऱ्या कंबरेने मी परत आले. पुन्हा गेले नाही, कारण गेले असते तर त्यांनी गोळी बंद केली असती. हेही मला तेव्हाच कळत होतं.

तांबोळींनी दिल्या. पुढच्या वेळी त्यांनी ड्रॉवरमधून मार्कर काढला, काळा, न पुसला जाणारा, आणि चिठ्ठीच्या मागे ठळक तारीख घातली. "आता हे जात नाही," म्हणाले. "पुढच्या वेळी नवीन."

आता ऐका. लॅमिनेशनच्या मशीनचा रोलर चिकट झाला की आम्ही स्पिरिटने पुसतो. बाटली काउंटरखाली उजव्या हाताला असते. आणि न पुसला जाणारा मार्कर प्लास्टिकवरून स्पिरिटने निघतो, हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना फुकट सांगत आले आहे. साडेचारला हे चहाला गेले की मी कापसाचा बोळा घ्यायची. दोन वेळा फिरवला की चिठ्ठी कोरी.

तिसऱ्या वेळी तांबोळींनी चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू बघितली. माझ्याकडे बघितलं. परत मागची बाजू बघितली. मग मार्कर काढून आजची तारीख घातली आणि पट्टी दिली.

मग ते असंच चाललं. ते तारीख घालायचे, मी पुसायची. आधी आठवड्याने, मग तीन दिवसांनी. दोघांपैकी एकानेही तोंडातून शब्द काढला नाही.

भाजलं

पकडले गेले ती दुपार. एका शाळेची ओळखपत्रं करत होते. काउंटरवर मला डुलकी लागली असणार, कारण पुढचं आठवतं ते म्हणजे वास. मला वाटलं प्लास्टिक जळतंय. माझा तळहात मशीनच्या तापलेल्या पत्र्यावर होता. किती वेळ होता देव जाणे. मी तो उचलला, बघितला आणि पुढचं ओळखपत्र आत सरकवलं. समोरच्या बाई किंचाळल्या तेव्हा मला समजलं की काहीतरी झालंय.

इस्पितळात पट्टी बांधणारी डॉक्टर पोरसवदा होती. केतकी ऑफिसातून थेट तिथे आलेली. डॉक्टरने विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी ऐटीत चिठ्ठी काढून दिली. तिने ती उजेडात धरली. पुढून बघितली, मागून बघितली.

"हे कुणी केलं?"

"मी," हे म्हणाले, छाती पुढे काढून. "आपलं दुकानच आहे ना. तुमचीही कागदपत्रं असतील तर सांगा."

ती हसली नाही. "तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. दिवसाला किती घेता?"

"दोन."

केतकीने माझी पर्स उघडून बाकावर उपडी केली. पट्ट्या, रिकाम्या आणि भरलेल्या, चष्म्याच्या केसमधून, रुमालातून, हळदीकुंकवाच्या डबीतून. हे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाली, "काकू, ह्याला व्यसन म्हणतात."

"व्यसन दारूचं असतं," मी म्हटलं. "आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही."

"बरं," ती म्हणाली, "मग आज रात्रीची गोळी घेऊ नका."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात सगळ्यांना उत्तर मिळालं. मी घाबरले नाही, रडले नाही. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की बाकावरच्या पट्ट्या आता कोण उचलून घेणार.

येरवड्याच्या बाजूला

केंद्र येरवड्याच्या पुढे होतं. पुण्यात लहानपणापासून ऐकत आलोय, डोकं फिरलं की येरवडा आणि गुन्हा केला तरी येरवडा. रिक्षावाल्याला ह्यांनी हळूच पत्ता सांगितला तर तो आरशातून आमच्याकडे बघून म्हणाला, "भेटायला चाललात का कुणाला?" मी म्हटलं, "हो. मलाच."

ह्यांनी नातेवाइकांना, बिल्डिंगला सांगितलं, ती नाशिकला बहिणीकडे गेली आहे. माझी बहीण नाशिकला आहे एवढं तरी खरं होतं. पुढे मी परतले तेव्हा ह्यांनी लक्ष्मी रोडवरून नाशिकचा चिवडा आणून घरोघरी वाटला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पाकीट उलटं करून पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "नाशिक बरंच जवळ आलंय."

पहिले आठ दिवस लिहिण्यासारखे नाहीत. अंगावर काटा, नाक वाहतंय, जांभया, पोट धरून संडास, पाय आपोआप झाडले जातात. हे वाचून कुणी घरच्या घरी एकदम गोळी बंद करू नका. आम्हाला तिथे डॉक्टर होते, हळूहळू उतरवणारं औषध होतं, तरी मी भिंतीला डोकं टेकून बसायची. बंद करायची तर डॉक्टरच्या नजरेखाली करा.

मग दिनक्रम. सहाला घंटा, चहा, प्राणायाम, औषध, नाश्ता, बैठक, जेवण, झोप, चार वाजता परत चहा. चारचा चहा आल्याचा असायचा आणि नर्सबाई माझ्या भाजलेल्या हाताकडे बघून मला कपाऐवजी मोठ्या दांडीचा मग द्यायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. तो मग मी अजून विसरले नाही.

बायकांच्या खोलीत माझ्याबरोबर लताबाई होत्या. हडपसरच्या पलीकडे शेती होती, आता तिथे बिल्डिंगा आल्या आहेत. गुडघ्यासाठी सुरू केलेल्या गोळ्या, माझ्यासारख्याच. बोलणं रोखठोक. मी पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्ही किती घ्यायच्या?" तर म्हणाल्या, "मोजून खानारी इथं येती व्हय?"

एकदा बैठकीत समुपदेशक बाईंनी फळ्यावर लिहिलं, जबाबदार कोण? मग काय विचारता! बायका तुटून पडल्या. एक म्हणाली डॉक्टर, तीन मिनिटांत चिठ्ठी फाडून देतात, ऐकूनच घेत नाहीत. दुसरी म्हणाली दुकानदार, त्यांना काय, माल खपतोय. तिसरी म्हणाली गोळ्या काढणाऱ्या कंपन्या, सवय लागेल असं पाकिटावर मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत? चौथी म्हणाली घरचे, माझं मरणाचं दुखत होतं तरी स्वयंपाक चुकला नाही, मग गोळी नाही तर काय खाऊ? ते ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या, कारण ते सगळ्यांचंच होतं.

लताबाई इतका वेळ नखं बघत होत्या. म्हणाल्या, "डाक्टरनं लिवली. दुकानदारानं दिली. मालकानं गाडीवर जाऊन आनली. समदं खरं हाय. पर तोंड कुनाचं व्हतं?"

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझंच की. पर म्हून बाकीचे सुटले, आसं न्हाई."

बाईंनी फळा पुसला. मी त्या ओल्या फडक्याकडे बघत होते आणि मला काउंटरखालची बाटली दिसत होती.

अर्ज

घरी आले ती केतकीच्या ताब्यात. औषधं ती मोजून पाठवायची, हे कुलपातून काढून द्यायचे. मी जीभ वर करून दाखवायची, गिळली म्हणून. चोपन्नाव्या वर्षी नवऱ्यापुढे जीभ दाखवायची म्हणजे काय असतं, ते ज्याने दाखवली त्यालाच कळेल. तरी मला अपमान वाटत नव्हता. काहीच वाटत नव्हतं. गोळ्या गेल्या होत्या आणि ते लांब जाणं तसंच राहिलं होतं. केंद्रातले डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो, परत येईल. काय परत येईल ते काही त्यांनी सांगितलं नाही.

केतकी हाडांच्या डॉक्टरांना भेटून आली. ते म्हणाले, मी पाच दिवस लिहिलं होतं, पेशंटने परत दाखवायला यायला हवं होतं. तिला त्यांची काही चूक काढता येईना. मग ती तांबोळींकडे वळली.

"आई, ही तुझी चूकच नाहीये," ती म्हणाली. "हा चक्क निष्काळजीपणा आहे. एक्स्पायर झालेल्या प्रिस्क्रिप्शनवर दोन वर्षं? एकदाही नोंद नाही? कार्डाच्या मागे बघ, ब्लँक आहे! त्यांनी एक तारीखसुद्धा टाकली नाही. फक्त ह्याच मुद्द्यावर लायसन्स जाईल त्यांचं."

हे म्हणाले, "मी त्यांना सज्जन माणूस समजत होतो." आणि चिठ्ठी पुरावा म्हणून पारदर्शक पाकिटात घातली. लॅमिनेट केलेली चिठ्ठी, वर आणखी पाकीट.

आता तुम्हाला कळलं असेल मी सही का करत नव्हते. ती मागची कोरी बाजू मी केली होती. त्या घरात मी पहिल्यांदाच बिचारी ठरले होते. हे माझ्यासाठी चहा करत होते, केतकी दर शनिवारी राहायला येत होती. स्पिरिटचं सांगितलं की बिचारी संपली, आणि खाली उरणार लबाड बाई, जी नवऱ्याची पाठ वळली की बोळा काढायची. आणि नाही सांगितलं तर तांबोळींचं दुकान जाणार, माझ्या कापसाच्या बोळ्याने.

सात दिवस मी काहीच केलं नाही. आठव्या दिवशी चार वाजता तांबोळींच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले. ते शटर वर करत होते.

"या वहिनी," म्हणाले. माझ्या हाताच्या डागाकडे बघितलं. "नाशिक कसं होतं?"

"मी नाशिकला नव्हते."

"मला माहीत आहे."

मी म्हटलं, "तुमच्याविरुद्ध अर्ज लिहिलाय. तुम्ही एकदाही तारीख टाकली नाहीत असं त्यात आहे."

त्यांनी काउंटर पुसायला घेतला. "मी टाकत होतो."

"मी पुसत होते. दुकानातल्या स्पिरिटने."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "वासही यायचा कार्डाला."

"मग दिल्यात का?" माझा आवाज चढला. "तुम्हाला दिसत होतं ना? मग का दिल्यात मला?"

ते बराच वेळ पुसत राहिले. काउंटर केव्हाच स्वच्छ झाला होता. "कार्ड कोरं असायचं ना," म्हणाले. "कोरं दिसलं की मला विचारावं लागायचं नाही. पहिल्यांदा वाटलं, दुखत असेल बिचारीला. मग वाटलं, नाही म्हटलं तर रागावून समोरच्या दुकानात जातील. मग सवयच झाली." फडकं ठेवलं. "माझ्या वहीत सगळ्या तारखा आहेत वहिनी. लपवणार नाही मी. तुम्ही तुमचं लिहा, मी माझं सांगतो."

मी वळले तेव्हा त्यांनी हाक मारली. वाटलं, विनवणी करतील. ते म्हणाले, "कंबर कशी आहे?"

"दुखते," मी म्हटलं.

मुद्दा सातवा

दुसऱ्या दिवशी दुकानात मी कॉम्प्युटरवर केतकीने पाठवलेला अर्ज उघडला. सहा मुद्दे होते. एक ओळ मी काढली, ती तारीख न टाकल्याची. खाली सातवा मुद्दा टाकला: औषधविक्रेत्याने चिठ्ठीच्या मागे वेळोवेळी घातलेल्या तारखा मी स्वतः स्पिरिटने पुसल्या आणि त्यांनी ते ओळखूनही गोळ्या दिल्या. प्रिंट काढली आणि ह्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"किती वेळा?"

"दरवेळी."

"कुठे?"

"इथेच. तुम्ही चहाला गेलात की."

ह्यांनी काउंटरखाली बघितलं, जिथे बाटली होती तिथे. "मी रोज येताना तुझ्यासाठी अर्धा चहा आणायचो," म्हणाले. एवढंच. मग प्रिंट परत माझ्यापुढे सरकवून, माझ्याकडे न बघता, "लॅमिनेशन मी केलं होतं. तेही घाल त्यात."

मी घातलं.

केतकीला फोनवर वाचून दाखवलं. ती आधी ओरडली. मग म्हणाली, "आई, मग ही कंप्लेंट नक्की कुणाविरुद्ध आहे?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "जे झालं ते लिहिलंय. ठरवणारे ठरवतील." तिने फोन ठेवला. त्या शनिवारी ती राहायला आली नाही.

मी सही केली. अर्ज गेला. तांबोळींना नोटीस आली आहे, दुकान अजून चालू आहे, पुढचं कुणालाच माहीत नाही. परवा ते आमच्या बिल्डिंगच्या फाटकात भेटले तर ह्यांनी आणि त्यांनी एकमेकांना वाट करून दिली, दोघेही बाजूला सरकून उभे, जाईना कुणीच.

सहीनंतरच्या दिवशी साडेचार वाजले. हे उठले, चपला घातल्या. मग काउंटरखाली वाकले, स्पिरिटची बाटली काढली, झाकण घट्ट केलं, कापडी पिशवीत टाकली आणि पिशवी काखेत धरून चहाला निघाले. चहाला. स्पिरिटची बाटली घेऊन. माझा नवरा.

मी त्यांची पाठ बघत होते, कोपऱ्यावर वळेपर्यंत. आणि मला वाईट वाटलं. छातीत, पोटात, खरंखुरं, फार वाईट वाटलं. मला त्या बाटलीचं वाटलं, अर्ध्या चहाचं वाटलं, आणि मग एकदम दादाचं वाटलं. सायकलच्या दांडीवर मला बसवायचा तो. दादा गेला होता आणि मला आत्ता कळत होतं. मी काउंटरवर दोन्ही हात टेकून रडायला लागले, हुंदके देऊन, रस्त्यावरून दिसत असताना.

एक मुलगी आधार कार्ड घेऊन समोर उभी राहिली. मला बघून बिचकली. "काकू, दुकान बंद आहे का?"

"चालू आहे," मी म्हटलं. "रडतेय. थांबा जरा."